चादरीचा शॉट

उत्रोलीच्या मंगल चिमाजी खोपडेला सिनेमात कुणी बोलावलं नव्हतं. बोलावलं होतं ते भाकऱ्या थापायला.

लॉकडाऊन सुटल्यानंतरच्या हिवाळ्यातली गोष्ट. मंगल तेव्हा पन्नाशीला टेकली होती. भोरमधल्या खानावळींना, लग्नकार्यांना ती घरून भाकऱ्या करून द्यायची. तांदळाच्या, ज्वारीच्या, म्हणाल तशा. भोरचाच मंदार भिडे नावाचा मुलगा पुण्यात सिनेमाचं शिकून आला होता आणि त्यानं भाटघरच्या पाण्याकाठी एका ओळखीच्या माणसाचा बंगला मिळवून शूटिंग लावलं होतं. युनिट म्हणजे पंधरा-सोळा माणसं, एक टेम्पो, एक जनरेटर. हॉटेलचं जेवण परवडेना, म्हणून कुणीतरी मंगलचं नाव सांगितलं. ती स्टोव्ह, परात आणि पिठाचा डबा घेऊन बंगल्याच्या मागच्या पडवीत बसू लागली.

सिनेमाचं नाव ‘बुडीत’. गोष्ट अशी, की एक विवाहित माणूस एका तरुण मुलीला घेऊन धरणाकाठच्या बंगल्यावर येतो. बंगला सांभाळणारी कमल नावाची बाई असते, ती त्यांना रांधून वाढते, अंथरुणं घालते. शेवटी तो माणूस होडीतून पाण्यात पडतो, पोहता येत नसल्यानं ओरडतो, आणि काठावर दोर हातात घेऊन उभी असलेली कमल दोर टाकत नाही. सिनेमात त्या दोघांचे शेजेवरचे प्रसंग पुष्कळ होते. मंदारनं ते कुणापासून लपवलं नव्हतं. मंगललाही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “मावशी, तसला सीन असेल तेव्हा तुम्हाला आत यायची गरज नाही.”

पण तिला आत जावं लागलं. युनिटमध्ये बायका दोनच, त्यातली एक हिशेबाला. नायिकेचं काम करणारी शेफाली ही पुण्याची मुलगी, सव्वीस-सत्तावीसची. कट झाला की तिच्या अंगावर चटकन काहीतरी टाकणारं बाईमाणूस जवळ हवं, असं ती म्हणाली आणि मंगलकडे बोट दाखवलं. तेव्हापासून भाकऱ्या आटपल्या की मंगल दुलई हातात घेऊन दाराच्या आतल्या बाजूला उभी राहायची.

पहिल्यांदा ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग तिच्या लक्षात आलं, की यात लाजण्यासारखं काही घडतच नाही. “हात अजून वर. मान खिडकीकडे. आता श्वास. कट.” शेफाली थंडीनं कुडकुडत असायची. नायक झालेला माणूस तिला दर वेळी विचारायचा, “इथं हात ठेवला तर चालेल ना?” मंगल दुलई टाकता टाकता शेफालीच्या कानात म्हणाली, “ही तर शाळंतली कवायत झाली, पोरी.” शेफाली इतकी हसली, की तिचा पुन्हा मेकअप करावा लागला.

त्या हसण्यातून त्यांची गट्टी जमली. दुपारी शेफाली पडवीत येऊन बसायची, तव्यावरून उतरलेली भाकरी मिरचीच्या ठेच्याबरोबर खायची. एकदा मंगलनं विचारलं, “तुजे आई-वडील काय म्हंत्यात गं याला?”

“त्यांना अर्धंच सांगितलंय,” शेफाली म्हणाली. “पण मावशी, ही नुसती अंग दाखवायची फिल्म नाही. खरी गोष्ट त्या कमलची आहे. आम्ही दोघं म्हणजे तिच्या डोळ्यांपुढं चाललेलं काहीतरी. म्हणून मी हो म्हटलं.”

कमलचं काम करणाऱ्या बाई पुण्याहून यायच्या होत्या. त्यांच्या घरी आजारपण निघालं आणि त्या आल्याच नाहीत. मंदार दोन दिवस फोन करत बसला. तिसऱ्या दिवशी शेफालीनंच त्याला पडवीत ओढत आणलं आणि म्हणाली, “ही बघ तुझी कमल. समोर बसलीय.”

मंगलला त्यात थट्टा वाटली. पण मनात कुठंतरी उकळीही फुटली. वेल्ह्याकडं, तोरण्याच्या पायथ्याला तिचं माहेर. लहानपणी ती सगळ्या गावाच्या नकला करायची. ग्रामसेवक कसा चालतो, आत्या कशी रडते. आई पाठीत धपाटा घालायची आणि घालता घालता हसायची. लग्न होऊन उत्रोलीला आली आणि ते सगळं मागं राहिलं. मुलगा सार्थक रांगत होता तेव्हाच नवरा वरंध घाटात गाडीच्या अपघातात गेला. त्यानंतर तिनं स्वतःला असं आवळून घेतलं, की कुणाला बोट दाखवायला जागा राहू नये. मोठ्यानं हसणं नाही, केसात फूल नाही, उगीच कुणाच्या ओट्यावर बसणं नाही. दीर, जावा, शेजारी, सगळे तिचं उदाहरण द्यायचे. मंगलसारखं राहावं.

“मला डायलॉक न्हाई पाठ व्हायचं,” ती मंदारला म्हणाली.

“कमल फारसं बोलतच नाही,” मंदार म्हणाला.

मग ती कमल झाली. घरी तिनं सांगितलं, पिच्चरमध्ये कामवालीचं काम हाय. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

तो शॉट झाला शूटिंगच्या मधल्या दिवसांत कधीतरी, दुपारी. ते दोघं धरणावर फिरायला गेलेत, कमल खोलीत येते, गादीवरची चादर काढते, घडी घालते, निघून जाते. एवढंच लिहिलेलं होतं. सकाळी त्याच गादीवर शेफालीचा सीन झाला होता. मंदार म्हणाला, “मावशी, तुम्ही घरी करता तसंच करा. मी कट म्हणेपर्यंत थांबू नका.”

मंगल आत आली. चादर ओढली आणि तिला उगीचच वाटलं, की ती अजून कोमट आहे. दिव्यांमुळं असेल, किंवा खिडकीतल्या उन्हानं. चादरीला अत्तराचा, घामाचा वास होता. तिनं ती उचलली ती तशीच छातीशी धरून गादीच्या कडेला बसली. गादीत खळगा पडला होता. तिनं त्यावर तळहात ठेवला आणि हळूहळू फिरवला, जसं कुणाच्या पाठीवरून फिरवावा तसा. मग चादरीत तोंड घातलं. बराच वेळ ती तशीच होती. तोंड वर काढलं तेव्हा तिचा हात स्वतःच्या गळ्याशी गेला होता, पदराच्या आत. तो तिथं आहे हे लक्षात येताच चटका बसल्यासारखा तिनं काढला. उठली, चादर झटकली, कडेला कड लावून घट्ट घडी घातली आणि बाहेर गेली.

कट म्हणायचं मंदार विसरला होता. कॅमेरा नुसत्या गादीकडे बघत चालू राहिला.

मंगल दारातून वाकून म्हणाली, “चुकलं का वो?”

“नाही मावशी,” मंदार म्हणाला. कोपऱ्यात उभी असलेली शेफाली डोळे पुसत होती.

त्या संध्याकाळी मंगलला कसं हलकं वाटत होतं. घरी जाताना तिनं बंगल्याच्या कुंपणावरचं एक जास्वंद तोडलं आणि उत्रोली येईपर्यंत हातात धरलं. गावात शिरताना टाकून दिलं.

दुसऱ्या दिवशी ती चहाचं पातेलं घेऊन टेम्पोच्या मागून येत होती. पलीकडे दोन लाईटवाले बोलत होते.

“मावशीनं शेफालीला खाल्लं राव. अंगावर काटा आला.”

“नवरा कधीचा गेलाय म्हणं तिचा.”

“दिसतंय ते.”

दोघं हसले. वाईट मनानं नाही, दमलेली माणसं हसतात तसं. पण मंगल तिथंच उभी राहिली. इतकी वर्षं जे कुणाला दिसू दिलं नव्हतं, ते कॅमेऱ्यापुढं जाऊन तिनं स्वतःच दाखवलं होतं. चहा तिनं दुसऱ्याच्या हाती पाठवला. उरलेलं शूटिंग तिनं निमूट पार पाडलं. काठावर दोर धरून उभं राहायचा शेवटचा सीनही केला. पण शेफालीजवळ बसणं तिनं बंद केलं. काय झालं म्हणून शेफालीनं दोनदा विचारलं. “काय न्हाई, दमायला हुतं,” एवढंच तिनं सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात सार्थकचं लग्न ठरलं. मुलगी नसरापूरची, श्रावणी. याद्या झाल्या आणि मंगलची झोप उडाली. मांडवात पाहुण्यांनी मोबाईल काढला आणि नवऱ्या मुलाची आई चादर हुंगताना दिसली, हेच तिच्या डोळ्यांपुढं येऊ लागलं. एके दिवशी ती भाकऱ्या पोचवून सरळ भोरला मंदारच्या घरी गेली. माडीवरच्या खोलीत तो एकटाच कॉम्प्युटरपुढं एडिटिंग करत बसला होता.

“मला ते माजं चादरीचं दावा,” ती म्हणाली.

मंदारला वाटलं कौतुकानं आली. त्यानं खुर्ची पुढं केली आणि शॉट लावला. मंगलनं स्वतःला पहिल्यांदाच असं बाहेरून पाहिलं. पडद्यावरची बाई सुंदर दिसत होती, आणि तेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं.

“हे काढून टाका,” ती म्हणाली.

“मावशी, सगळी फिल्म यावर उभी आहे. कमल दोर का टाकत नाही, ते इथं कळतं. दुसरीकडं कुठंच नाही.”

“तुमाला कळतं. लोकास्नी काय कळंल ते मला म्हाईत हाय.”

“लोकांना पण कळेल. विश्वास ठेवा माझ्यावर.”

“पोराचं लगीन हाय वो. त्याची सासुरवाडी बगंल. म्या इतकी वर्सं कशी काडली, तुमाला काय ठावं?” तिचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. “मंदारदादा, पाया पडते तुमच्या.”

ती खरंच वाकली. मंदार दचकून उठला. तिच्या सहीचा करार त्याच्याकडे होता. तो दाखवला असता तर ती काही करू शकली नसती. त्यानं तो विषयच काढला नाही. तो खिडकीशी जाऊन परत आला.

“बरं,” शेवटी म्हणाला. “काढतो.”

“माज्यासमोर. समद्या जागंवरनं. परत कुनाला घावाय नगं.”

त्यानं कॉम्प्युटरवरून काढला. मग दोन्ही हार्ड डिस्क जोडून त्यांवरूनही काढला. मंगलला त्यातलं काही समजत नव्हतं, ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. त्याचा चेहरा बघून तिला कळलं, की खरंच काढलाय. एसटीत बसल्यावर तिला छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं वाटलं.

लग्न झालं. श्रावणी घरात आली, गुणी मुलगी, सासूला जपणारी. पावसाळ्यानंतर मंदारनं भोरमधल्या एका लहान हॉलमध्ये युनिटसाठी आणि पुण्याच्या काही मित्रांसाठी सिनेमा दाखवला. मंगल शेवटच्या रांगेत बसली. तिला सिनेमातलं फार कळत नव्हतं, पण चादरीची जागा आली तेव्हा तिनं आपोआप पदर घट्ट धरला. तिथं आता धरणाचं पाणी होतं आणि लगेच पुढचा शेजेवरचा प्रसंग. शेवटी कमल दोर धरून उभी राहिली, माणूस बुडाला, दिवे लागले. टाळ्या पडल्या, पण बेतानंच.

चष्मा लावलेल्या एका मित्रानं विचारलं, “मंदार, सगळं छान आहे रे. पण ती कामवाली त्याला का मरू देते?”

मंदारनं मागच्या रांगेकडे पाहिलं नाही. “ते प्रेक्षकांवर सोडलंय,” म्हणाला.

“सोडलंय कसलं, काहीच दिलेलं नाहीये तू. मग उरतं काय? त्या दोघांचे सीन्स.”

शेफाली पहिल्या रांगेत होती. ती उठून बाहेर गेली. मंगल तिच्यामागून गेली, पण ती रिक्षात बसून निघाली होती. त्या रात्री तिचा फोन आला.

“मावशी, तुमचा तो शॉट कुठं गेला? मंदार सांगत नाहीये. नुसतं म्हणतोय, माझा निर्णय होता.”

मंगलला खोटं बोलता आलं असतं. मंदारनं तिच्यासाठी वाटही करून ठेवली होती.

“म्याच काडाय लावला,” ती म्हणाली.

मग तिनंच पुढं सांगितलं.

“पोराचं लगीन हुतं गं. भ्याले म्या.”

“बरं मावशी,” शेफाली म्हणाली. ती रागावली असती तर मंगलला बरं वाटलं असतं. “त्या शॉटकडे बघूनच मी पुढचे सीन केले होते. असो. तब्येतीला जपा.”

त्यानंतर मंगलनं लावलेले फोन शेफालीनं उचलले नाहीत.

कुठल्याच महोत्सवात ‘बुडीत’ला घेतलं नाही. मंदार मात्र अजून आशा धरून होता. एक दिवस तो स्वतःच उत्रोलीला आला, ओट्यावर बसून चहा प्यायला आणि चाचरत म्हणाला, “मावशी, तो शॉट परत घेऊ या का? बंगला अजून आहे. तुम्ही, मी आणि कॅमेरावाला. बाकी कुणी नको.”

या खेपेला मंगल लगेच हो म्हणाली. सार्थकला तिनं शूटिंगच्या आदल्या दिवशी सगळं सांगितलं. सार्थक कंपनीतून येऊन जेवत होता. तो म्हणाला, “त्यात काय एवढं, आई? पिच्चरच हाय ना.” आणि त्यानं आमटी मागितली. ज्याच्यासाठी तिनं तो शॉट पुसायला लावला, त्याला त्याचं काहीच नव्हतं.

बंगल्यात तीच गादी होती, चादर तशीच आणलेली. मंगल आत आली. चादर उचलली, गादीवर बसली, खळग्याच्या जागी हात फिरवला. पण खळगा नव्हता, आणि हात कुठं चाललाय हे तिला सारखं कळत होतं. चादरीत तोंड घातलं तर साबणाचा वास आला. मंदारनं पुन्हा घेतला, मग आणखी एकदा. त्याला राग आला नाही. दर वेळी तो “छान” म्हणत होता, जरा जास्तच लवकर.

“नगं,” शेवटी मंगलच म्हणाली. “ती बाई आता न्हाई येत.”

परतताना मंगल गाडीच्या खिडकीतून बघत होती. धरणाचं पाणी खाली गेलं होतं आणि काठाचा लाल गाळ उघडा पडला होता. भोरच्या स्टँडवर तिला उतरवताना मंदार म्हणाला, “चूक माझी पण आहे मावशी. तुमच्यासमोर पुसला, पण मी एक कॉपी लपवून ठेवायला हवी होती.”

“तवा तसं केलं असतं,” मंगल म्हणाली, “तर म्या तुमाला कवा माफ केलं नसतं.”

“आणि आता?”

तिनं पिशवी उचलली आणि एसटीकडे चालू लागली.

सिनेमा अखेर मोबाईलवरच्या एका ॲपवाल्यांनी घेतला. त्यांनी नाव बदलून ‘एक रात्र बंगल्यावर’ ठेवलं, पाण्याचे, रानाचे शॉट छाटले आणि जाहिरातीला शेफालीची उघडी पाठ लावली. शेफालीच्या घरी कळलं ते असं. तिच्या वडिलांनी बोलणं टाकलं, असं मंदारकडून समजलं. तिनं काम सोडलं आणि बंगळूरला कुठल्यातरी ऑफिसात नोकरी धरली. मंदार आता लग्नांचे व्हिडिओ करतो, चांगले करतो. रस्त्यात भेटला की थांबून मंगलची विचारपूस करतो. कमलबद्दल उत्रोलीत कुणी एका शब्दानं बोललं नाही. बहुतेकांनी ते ॲप पाहिलंही नव्हतं. ज्यांनी पाहिलं त्यांना आठवत होती ती पाठ.

परवाच्या शिवरात्रीच्या सुमाराला दुपारी श्रावणी मोबाईल घेऊन सैपाकघरात आली. मंगल तांदूळ निवडत होती.

“आई, रागवू नका. म्या तुमचा पिच्चर बगितला. पुरा.” ती जवळ बसली. “तुमी लई भारी काम केलंय. पण मला एक कळंना. ती बाई दोर का टाकत न्हाई? त्या मानसानं तिचं काय वाकडं केलं हुतं?”

मंगलनं सूप खाली ठेवलं.

“त्यानं काय न्हाई केलं,” ती म्हणाली. “ती जवान असताना तिचा नवरा गेला. तवापासनं तिच्या अंगाला कुनी हात लावला न्हवता. माराया बी न्हाई, मायेनं बी न्हाई. तिला वाटायचं, आपलं ते समदं मेलं. मग ही दोगं आली आन् तिला कळलं, की मेलं न्हवतं. तिनंच दाबून ठिवलं हुतं. इतकी वर्सं फुकट. त्याचा राग कुनावर काडावा?”

श्रावणीनं मोबाईल बाजूला ठेवला. त्याचा पडदा काळा होऊन गेला होता.

“मग हे दाखवाय पायजे हुतं ना पिच्चरमदी,” ती हळू आवाजात म्हणाली.

“व्हय,” मंगल म्हणाली. “पायजे हुतं.”

श्रावणी सरकून तिच्या शेजारी आली आणि सुपातले खडे वेचू लागली. मंगलनं तिला वेचू दिले.